नाल्याचं पाणी कारखान्याला द्यायचंय? मग आधी हे करा

मागच्या हप्त्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका नगरपंचायत सदस्याचा फोन आला, म्हणे भाऊ आमचा नाला बारा महिने वाहते, गावाबाहेर एमआयडीसी आहे, तिथले कारखानेवाले एप्रिल लागला की टँकर बोलावतात, मग हेच पाणी साफ करून त्यांना दिलं तर जमते का? जमते. पण कसं जमते ते सांगता सांगता अर्धा तास गेला अन् तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून इथं सगळं लिहितो. पाणीपुरवठ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यातून जे कळलं ते हे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हे सगळं करायचं ते धरणाचं पाणी माणसांना अन् वावराला राहावं म्हणून. नगरपंचायतीला चार पैसे मिळतात ते ठीक आहे, पण कारखान्यानं नाल्याचं पाणीही घेतलं अन् धरणाचंही पहिल्याइतकंच उचललं तर गावच्या हंड्यात एक थेंब वाढत नाही.

हे काही हवेतलं नाही. आपल्या नागपूरलाच होऊन राहिलंय. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून रोज 130 एमएलडी पाणी कोराडीच्या वीज केंद्रासाठी द्यायची योजना झाली, एक एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर. वर्षाचा हिशोब लावा, 47 दलघमी (दशलक्ष घनमीटर) होते. एवढं पाणी पेंच धरणातून उचलावं लागत नाही, अन् पेंचवर नागपूरची तहान आहे, रामटेक-पारशिवनी-मौद्याकडची शेती आहे, शिवाय वीज केंद्रं आहेत, तिघंही एकाच माठाला तोंड लावून बसलेले. नंतर तिथं अजून 200 एमएलडीचा प्लँट झाला. सुरतेत 2014 पासून पांडेसराच्या कापड कारखान्यांना असं 40 एमएलडी पाणी जातं, चेन्नईत 2019 मध्ये 45-45 एमएलडीचे दोन प्लँट सुरू झाले. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणात तर लिहूनच दिलंय की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत औष्णिक वीज केंद्र असेल तर त्यानं ते शुद्ध केलेलं पाणी वापरलंच पाहिजे. तुमच्या गावाजवळ वीज केंद्र असेल तर हा कागद हातात ठेवूनच बोलायला बसा.

अन् गरज त्यांनाही आहे. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी राहिलं नाही तेव्हा चंद्रपूरच्या वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. गावचा नाला मात्र माणसं आहेत तोपर्यंत वाहतोच.

पाणी मोजा, अंदाज सांगू नका

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. कागदावरचा हिशोब सोपा असते, सीवर लाईन असलेल्या गावाला माणशी 135 लिटर धरतात, नसेल तर 70, अन् त्यातलं 80 टक्के पाणी नालीत येतं. म्हणजे 20 हजार वस्तीचं गाव, 70 लिटरनं 14 लाख लिटर, त्याचं 80 टक्के 11 लाखाच्या वर. आता हे 11 लाख नाल्यावर खरंच पोचतात का? अर्ध्या घरांचं शोषखड्ड्यात मुरतं, काही नाली फुटून मोकळ्या प्लॉटमध्ये साचतं, काही परसबागेत जातं. मी एका ठिकाणी पाहिलंय, गावाचं नाव घेत नाही, लोकसंख्येवरून प्लँट बांधला अन् उन्हाळ्यात टाकीच्या बुडाशी फक्त ओल. मशिनरी उभी, पाणी नाही.

म्हणून मोजा. जाड लोखंडी पत्रा घ्या, वरच्या काठातून 90 अंशाची व्ही आकाराची खाच कापून घ्या, गावातला वेल्डिंगवाला करून देतो. नाला अरुंद आहे अशा जागी मातीच्या पोत्यांनी अडवा, पत्रा उभा अन् लेव्हलमध्ये बसवा, बाजूनं किंवा बुडातून एक धारही निसटायला नको, सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे अन् पलीकडे मोकळं पडलं पाहिजे. पत्र्यापासून दोन-तीन फूट वरच्या अंगाला एक पट्टी गाडा, तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या लेव्हलला. पट्टीवर 10 सेंटीमीटर दिसलं तर दिवसाला पावणेचार लाख लिटरचा वेग, 15 दिसलं तर साडेदहा लाखाच्या जवळ, 20 दिसलं तर 21 लाख. उंची थोडी वाढली की पाणी लय वाढतं, त्यामुळं पट्टी नीट वाचा, अंदाजे दीड बोट दोन बोट नाही चालत.

दर तासाला नोंद करा, रात्रीसुद्धा. सकाळी सहा ते नऊ पूर येते, दुपारी उतरते, संध्याकाळी परत वाढते, रात्री दोन वाजता जे असते तो तुमचा तळ. अन् एकच दिवस मोजून थांबू नका, नळ येतो तो दिवस, नळ येत नाही तो दिवस अन् आठवडी बाजाराचा दिवस, तिन्ही मोजा. अन् माप मे महिन्यातलंच घ्या. पावसाळ्यातलं माप कारखान्याला दाखवलं तर पुढच्या उन्हाळ्यात तुमचंच तोंड उतरते, कारण गावाला चार दिवसाआड नळ आला की नालाही चार दिवसाआडच भरून वाहते, नेमकी तेव्हाच कारखान्याची मागणी जास्त असते. ती खोट भरून काढायला निदान मधल्या कमी पाण्याच्या दिवसांपुरतं पाणी मावेल एवढं तळं लागतं, ते इस्टिमेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

नाल्याच्या खाली कोण आहे ते बघा

हे कुठल्याच डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, मला दिसलं नाही अन् माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. गावाखालच्या तीन-चार किलोमीटरवर नाल्याच्या दोन्ही काठानं चालत जा. किती मोटारी टाकल्या ते मोजा. कोणी सांबार (कोथिंबीर) लावला असते, कोणी पालक, कोणी वांगे, कोणाच्या विहिरीला त्याच नाल्याचा झिरपा आहे, गावचे जनावरं तिथंच पाण्यावर जातात. कागदावर ते वाया जाणारं पाणी, पण त्या माणसाच्या घरचं मीठमिरची त्यावर चालते. उद्या पूर्ण नाला पाइपात घातला तर त्याचं वावर सुकलं, अन् तो काहून गप बसन?

अप्पर वर्धाचं पाणी वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं तेव्हा अमरावती भागात शेतकरी रस्त्यावर आले होते हे आपण विसरलो नाही. छोट्या नाल्यावर तसंच होऊ शकतं. म्हणून त्या लोकांना आधी बसवा, आमसभेत नाही, त्यांच्या धुऱ्यावर जाऊन बसा. त्यांच्यासाठी पाण्याचा हिस्सा अगोदरच वेगळा काढा अन् तोही साफ केलेलाच द्या, कारण कच्च्या सांडपाण्यावर पिकवलेला भाजीपाला आपल्याच ताटात येतो. माझं मत, रात्रीचा जो तळ मोजला तेवढा प्रवाह नाल्यात राहूच द्यावा, उरलेल्यावर कारखान्याचा हिशोब लावावा.

गिऱ्हाईक कोण

प्रत्येक कारखान्याला हे पाणी चालत नाही. कूलिंग टॉवरला चालते, राख अन् कोळसा भिजवायला चालते, वणी, उमरेड, चंद्रपूरकडे कोळशाच्या रस्त्यावर धूळ बसवायला तर चांगलं पाणी मारणं हा मला गुन्हाच वाटतो. स्पंज आयर्न, स्टीलवाले थंड करायला घेतात. आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचे प्लँट घेऊ शकतात, काँक्रीटच्या आयएस 456 या मानकाप्रमाणे पीएच 6 च्या खाली नको अन् सळई असलेल्या काँक्रीटला क्लोराईड लिटरला 500 मिलिग्रामच्या आत पाहिजे, निदान एवढं तरी जुळलं पाहिजे. जिनिंगला पाणी फारसं लागत नाही, पण कापसाला आग लागली तर टाकी भरलेली लागते, तिथं हे बिनधास्त भरा. दाल मिल, संत्र्याचा ज्यूस, डेअरी, बर्फ, यांच्याकडे जाऊच नका, कितीही साफ केलं तरी नको.

अन् एक, खारपाणपट्ट्यातल्या गावांनी, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, आधी क्षार तपासा. नळाच्या पाण्यात जेवढे क्षार असतात त्यात घरातून निघताना लिटरमागं 200-300 मिलिग्राम अजून वाढतात, अन् साधा प्लँट घाण काढतो, मीठ काढत नाही. मिठासाठी आरओ लागतो. आरओ म्हटलं की महाग वीज, महाग मेंब्रेन अन् उरलेलं कडक खारं पाणी टाकायचं कुठं हा प्रश्न, ते परत नाल्यात सोडलं तर खालच्या सगळ्या विहिरी गेल्या.

साफ करायचं कसं

मोठ्या शहरासारखा मोटारी, ब्लोअर, पॅनलनं भरलेला प्लँट छोट्या गावानं घेऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, वीजबिल थकलं की पहिले पाण्यात हवा सोडणारा ब्लोअरच बंद होतो, हवा गेली की जिवाणू मेले अन् मग तो प्लँट नुसता घाण पाण्याचा रस्ता होऊन बसते. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं फायटोरिड म्हणून पद्धत काढलीय, गिट्टीच्या वाफ्यात कर्दळीसारखी पाण्यात तग धरणारी झाडं लावायची, पाणी गिट्टीच्या आतून झिरपत जाते, मुळांवरचे जिवाणू घाण खातात. जागा जास्त लागते, वीज नाहीच्या बरोबर. गावाजवळ जागा मिळते, वीज मिळत नाही, मग आपल्याला कोणतं परवडते ते सरळ आहे. त्याच्या आधी जाळी अन् गाळाची टाकी, नंतर वाळूचा फिल्टर अन् क्लोरीन, एवढ्यावर धूळ मारायचं अन् राख भिजवायचं काम निघते. बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सडणाऱ्या घाणीचं माप, लिटरला 10 मिलिग्रामच्या आत आणायची तयारी ठेवा, कच्च्या पाण्यात तो 200-300 असतो.

कूलिंग टॉवरवाला मात्र अमोनिया अन् फॉस्फेट विचारेल, विचारलंच पाहिजे, अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो अन् फॉस्फेटनं चुन्यासारखा थर बसतो. ते कमी करायला वरून अजून एक टप्पा लागतो, त्याचा खर्च कोणाचा ते आधीच बोलून घ्या. क्लोरीनचा डोस त्यांच्याकडे पोचल्यावरही थोडा शिल्लक राहील असा ठेवा, टॉवरमधून उडणारे तुषार तिथल्या कामगारांच्या नाकातोंडात जातात.

गॅरेजवाले, बॅटरीवाले, रंगवाले यांच्या नाल्या आधी शोधून तोडा. एका गॅरेजचं ऑइल अख्खा वाफा बसवू शकते. अन् गाळ काढायला कोणालाही टाकीत उतरवू नका, आत गॅस असतो, माणूस गुदमरून मरतो, 2013 च्या कायद्यानं ते बंदही आहे, सक्शन मशीनच लावा.

पाइपलाइन

जवळचं गिऱ्हाईक धरा. 10 लाख लिटर पाणी एकूण 40 मीटर हेडवर, म्हणजे चढ अन् पाइपातलं घर्षण धरून तेवढ्या उंचीवर, चढवायला रोज 180 युनिटच्या आसपास वीज जाते, अंतर वाढलं की घर्षणानं हेड वाढते अन् बिलही. पाइपाला वेगळा रंग द्या, दर थोड्या अंतरावर "हे पिण्याचं पाणी नाही" असं मोठ्या अक्षरात, सोबत चित्र, सगळ्यांना वाचता येत नाही. एअर व्हॉल्व्हला कुलूपबंद चेंबर करा. आपल्याकडे उन्हाळ्यात व्हॉल्व्ह गळला की तिथं गुंड (हंडा) लागतो अन् जनावरं येतात, हे दिसायला साफ असल्यामुळं कोणी पिऊ शकते, त्यामुळं लाईनवर रोज एक माणूस फिरलाच पाहिजे.

करार

ठराव, पाटबंधारे विभागाला पत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बांधायच्या आधी एक अन् चालू करायच्या आधी एक, हे सगळं सीओ (मुख्याधिकारी) साहेब अन् इंजिनीअर करतील, त्यात अडचण नाही. तुम्ही करारावर लक्ष ठेवा. रोज किती पाणी देणार ते मे महिन्याच्या मापावर लिहा. कारखान्यानं उचललं नाही तरी ठरलेला किमान पैसा त्यानं द्यायचा, नाहीतर पावसाळ्यात तो घेत नाही अन् प्लँटचा पगार निघत नाही. मीटर देण्याच्या जागी, सॅम्पल दोघांसमोर, एक बाटली त्यांच्याकडे एक आपल्याकडे.

अन् ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते कलम: कारखाना जेवढं शुद्ध केलेलं पाणी घेईल तेवढं धरणातलं, नदीतलं किंवा बोअरचं त्याचं मंजूर पाणी कमी होईल, अन् ते कमी झालेलं पाणी पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी राखीव म्हणून पाटबंधारे विभाग लेखी देईल. नुसतं कारखान्याचं आश्वासन घेऊ नका, विभागाचं पत्र कराराला जोडा. कारखाना पुढं वाढला तर वाढीव गरजेलाही पहिले हेच पाणी, असंही लिहा. ते म्हणतील की हे नंतर बघू. तेवढ्यासाठी सही थांबवा, एक महिना उशीर झाला तरी चालते.

त्या सदस्याला मी सध्या एवढंच सांगितलंय की पत्रा कापून घे अन् पाऊस लागायच्या आत तीन दिवसांचं माप लिहून पाठव, मग पुढचं बोलू.