जुनी कंबरदुखी आणि मानसोपचार: कुणाकडं जायचं, काय विचारायचं, घरी काय करायचं

कोल्हापुरात शाहूपुरीत माझी खानावळ आहे. दोन्ही वेळची ताटं, शिवाय डबे. कंबर दुखायला लागून बरीच वर्षं झाली आणि येणाऱ्याजाणाऱ्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे. त्यामुळं हात धुता धुता कुणीतरी हळूच विचारतंच, "ताई, तुम्ही ते मानसोपचाराचं केलं म्हणे. काय करतात तिथं?" बेसिनपाशी उभं राहून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

हाडांच्या डॉक्टरांना वगळून तिकडं जायचं नाही, हे पहिलं. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी व्हायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखण्याबरोबर ताप येतोय, वजन आपोआप उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालाय किंवा पडल्यापासून दुखतंय, तरी आधी तपासणी. हे सगळं बघून झालं, ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं, व्यायाम आणि गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांच्या वर दुखणं हटत नाही, अशांसाठी पुढचं लिहिलंय. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि नसांच्या दुखण्याला ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी कमी डोसात देतात, ती मूळची डिप्रेशनची आहे. मेडिकलवाल्यानं विचित्र नजरेनं बघितलं म्हणून घाबरू नका.

आता नेहमीचा प्रश्न. दुखतेय कंबर, मग डोक्याच्या डॉक्टरकडं कशाला? आमच्या मालकांनीही हाच विचारला होता, जरा तिखट शब्दांत.

आपल्याकडं "मणक्यात गॅप आहे" असं एकदा कुणी म्हटलं की माणूस तिथंच खचतो. पण २०१५ साली एक मोठा आढावा आला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे आकडे त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्यांची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे झीज आणि दुखणं यांचं गणित सरळ नाही. दुखणं खोटं असतं असा याचा अर्थ काढू नका, ते शंभर टक्के खरं असतं. फक्त ते किती जाणवायचं हे एकट्या मणक्यावर ठरत नाही. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की दुखण्याचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात ढवळाढवळ करतात. भीती, झोप, लक्ष कुठं आहे, याचा तिथं परिणाम होतो. दुखणं फार काळ राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. ज्या घरात एकदा चोरी झाली, तिथं मांजरानं भांडं पाडलं तरी सगळं घर उठून बसतं, तसं. मानसोपचार काम करतो तो या जागरणावर.

कुणाकडं जायचं? सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, औषधं देतात. बोलून उपचार करतात ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट; त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं असते, आणि नोंदणी आहे का हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. परवडत नसेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून मानसोपचार विभागात जा. नेमकं कुठं जायचं हेच कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. जगायलाच नको असं वाटायला लागलं असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, याच नंबरवर लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

वेळ घेताना फोनवरच विचारून घ्यायचं. जुन्या दुखण्याचे पेशंट बघता का? सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) किंवा एसीटी (हिचं पुढं सांगते) करता का? एका वेळेची फी किती, साधारण किती वेळा यावं लागेल? मध्येच उठून उभं राहिलं तर चालेल ना? हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडणार नाही. पाऊण तास खुर्चीत बसवून कंबरदुखीवर बोलायला लावणारा माणूस आपल्या कामाचा नाही. रिक्षात बसणंच जड जात असेल तर व्हिडिओ कॉलवरही चालतं.

पहिल्या भेटीत बराच वेळ आपली माहिती सांगण्यात जातो. फाइल न्या, पण फाइलपेक्षा एक गोष्ट ठरवून न्या: दुखण्यानं माझं काय काय बंद पाडलंय? "दुखणं जावं" हे ध्येय म्हणून धरलं तर रोज सकाळी उठून दुखतंय का तेच तपासत बसायचं. त्यापेक्षा जोतिबाच्या पायऱ्या उतरायच्यात, रंकाळ्यावर बहिणीबरोबर संध्याकाळचं फिरायचंय, नातवाला जमिनीवर बसून भरवायचंय, असं काहीतरी सांगा. सायकॉलॉजिस्ट मॅडमना त्यावरून कामाला लागता येतं. एसीटी नावाची पद्धत तर यावरच उभी आहे: दुखण्यासकट आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते करायला लागणं.

त्यानंतर वही येते. एक प्रसंग इथं सांगते, म्हणजे कळेल. रश्श्याचं पातेलं शेगडीवरून उतरवताना कमरेत कळ आली. वहीत आधी प्रसंग लिहायचा, एका ओळीत. मग त्या क्षणी मनात काय आलं ते, जसंच्या तसं: "संपलं. आता अंथरूण धरायला लागणार, खानावळ बंद." पुढं शरीरात काय झालं: हातपाय गार, दात आवळलेले, श्वास वरच्या वर. आणि केलं काय: फोन बंद करून आडवी झाले, संध्याकाळचे डबे सुनेवर टाकले. हे लिहिल्यावर मॅडम प्रश्न विचारतात. मागं अशी कळ आली होती तेव्हा काय झालं? किती दिवसांत उतरली? अंथरूण धरलं होतं का? उत्तरं आपल्याच तोंडून येतात. शेवटी एक नवं वाक्य लिहायचं, आणि ते आपल्याला पटलं पाहिजे. "सगळं छान होईल" वगैरे लिहायचं नाही, आपण स्वतःच त्यावर विश्वास ठेवत नाही. "ही कळ ओळखीची आहे, दोन-तीन दिवसांत उतरते, तोवर पातेलं दोघींनी उतरवायचं" हे चालतं. असं लिहिल्यानं कळ लगेच जात नाही, पण दात सुटतात, श्वास खाली येतो, आणि संध्याकाळचे निम्मे डबे तरी आपल्या हातनं भरले जातात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कामाचं माप ठरवण्याचा. आपल्या बायकांची रीत अशी: बरं वाटलं की तुंबलेलं सगळं काम एका दिवसात उपसायचं, मग चार दिवस झोपून काढायचे, मग झोपून राहिल्याची टोचणी लागते म्हणून पुन्हा उपसायचं. चटणीच्या हंगामात हे बघावं. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणली, देठं काढली, वाळवली, खोबरं-तीळ भाजलं, कांदा-लसूण तळला, चटणी कांडायला डंकावर गेलं, सगळं एका दमात. वर्षाची चटणी होते आणि पुढचा आठवडा कंबर उचलत नाही.

माप काढायची पद्धत सोपी आहे, पाळायला अवघड. वाईट दिवशी कळ वाढायच्या आत किती भाकऱ्या थापता येतात ते दोन-तीनदा मोजा. समजा पंधरा. मग ठरवायच्या बाराच. बारा झाल्या की काटवटीपुढून उठायचं, दुखत असो वा नसो. पाच मिनिटं चालायचं, मग पुढच्या. खरी परीक्षा चांगल्या दिवशी असते. तेव्हा बाराला थांबायचं म्हणजे हात शिवशिवतात, गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं. तरी थांबायचं. आठवडाभर बारा नीट झाल्या की एक-दोन वाढवायच्या. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं हा नियम मोडून मोजून थांबायचं, एवढीच यातली मेख. वाकायची भीती बसली असेल तर तीही अशीच चढत्या पायरीनं घालवतात, फिजिओथेरपिस्टला बरोबर घेऊन. चटणीचं म्हणाल तर देठं एका दिवशी, भाजणं दुसऱ्या, डंक तिसऱ्या. शेजारीण हसली तर हसू द्या.

श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे प्रकार शिकवतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडं शांतपणे लक्ष देण्याचा, जो वर्ग काढला, त्यात सुरुवातीला अशी जुनी दुखणी घेऊन आलेलेच पुष्कळ होते. मला डोळे मिटून बसणं फारसं जमत नाही, दोन मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागते. तुम्हाला जमलं तर करा. झोपेचं मात्र मनावर घ्या: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, आणि जागं पडून राहायचं असेल तर अंथरुणात नाही.

घरच्यांना एकदा तरी बरोबर न्या. काही घरांत "हिची नाटकं" असतात, काही घरांत उलटं, दर तासाला "दुखतंय का?" दुसरं प्रेमाचं असतं, पण त्यानं लक्ष सारखं कमरेकडंच जातं, आणि कण्हलं की विश्रांती मिळते हे अंगवळणी पडतं. डब्ल्यू. ई. फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात यावरच काम केलं. आमच्याकडं असं ठरलंय की दुखण्याची चौकशी करायची नाही, मदत लागली तर मी नेमकी सांगणार. आधी सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा बघू." आता विचारते, "आई, बारा झाल्या का?"

आशा किती धरायची? २०२० साली कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं जुन्या दुखण्यावरच्या मानसोपचाराच्या ७५ चाचण्यांचा आढावा घेतला, ९ हजारांवर माणसं होती त्यात. सीबीटीचा फायदा खरा, पण लहान, असं निघालं: दुखणं थोडं कमी, हालचाल थोडी जास्त, मनाचा त्रास थोडा कमी. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांकडं म्हणूनच जाऊ नका. साधारण आठ-दहा भेटींत कामात काहीच फरक दिसत नसेल तर तसं तोंडावर सांगा. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो.

भेटी संपवण्याआधी मॅडमबरोबर बसून एक कागद करून घ्यायचा: कळ उठली तर पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय, भाकऱ्या किती, कुणाला फोन करायचा, कुठली लक्षणं दिसली तर थेट डॉक्टर. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. भेटी एकदम तोडायच्या नाहीत, आधी महिन्याची एक, मग गरज लागेल तशी. आणि चटणीच्या हंगामाआधीची एक तारीख आत्ताच घेऊन ठेवायची.