डाळिंबाची कळी गळतेय? आधी तिचे बूड पाहा

आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार, धरलेल्या बागा आता कळीवर आल्या आहेत. सांगोला-आटपाडीपासून सटाणा-मालेगावपर्यंत या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो: झाडाखाली लाल सडा पडलाय, काय मारू? बहुतेक वेळा उत्तर असते, काहीच मारू नका.

डाळिंबाच्या एकाच झाडावर नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही फुले येतात. बागेत जिला आपण मादी कळी म्हणतो ती हीच द्विलिंगी. तिच्यात पुंकेसरही असतात आणि फळ धरणारा अंडाशयही. नर फुलाचे काम परागकण पुरवण्याचे. ते झाले की ते गळणारच. आंब्याच्या मोहोरात, काजूत, खरबुजाच्या बऱ्याच वाणांतही हाच प्रकार आहे, पण तिथे खालचा सडा पाहून कुणी दुकानाकडे धावत नाही. डाळिंबाचे फूल मोठे आणि लालभडक, म्हणून जीव जास्त घाबरतो.

तेव्हा आधी ओंजळभर गळालेली फुले उचला आणि बूड पाहा. नर कळीचे बूड देठाकडे निमुळते होत जाते आणि उमललेले फूल घंटेच्या आकाराचे दिसते. उभे चिरले तर स्त्रीकेसर आखूड, पुंकेसरांच्या खाली दडलेला असतो. मादी कळी बुडाशी फुगीर, जाड असते आणि तिचा स्त्रीकेसर पुंकेसरांच्या बरोबरीला किंवा वर आलेला असतो. या दोन्हींच्या मधली, नळीसारखी फुलेही सापडतील. त्यातली काही धरतात, पण फळ अनेकदा वेडेवाकडे निघते. ती मोजणीत धरू नका.

ओंजळीत निमुळत्या बुडाचीच फुले निघाली तर बाग ठीक आहे. फुगीर बुडाची बरीच सापडली, तर मात्र त्याच दिवशी कारण शोधायला लागा.

पहिला संशय पाण्यावर घ्या. ताण तोडताना, म्हणजे बहारासाठी मुद्दाम बंद ठेवलेले पाणी पुन्हा सुरू करताना, पहिले पाणी हलके देऊन पुढे हळूहळू वाढवायचे असते. कळी अवस्थेत तीन-चार दिवस ठिबक बंद आणि मग एकदम भरपूर पाणी, असे झाले की चांगली मादी कळीसुद्धा झाड सोडून देते. विजेच्या वेळापत्रकामुळे हे नकळत घडते. रोज थोडे, पण नेमाने पाणी द्या. वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा तोल, मोडू देऊ नका.

दुसरा संशय फुलकिड्यांवर. पांढऱ्या कागदावर चार-पाच फुले झटका. बारीक, लांबट किडे पळताना दिसले तर निळे चिकट सापळे लावा. संख्या वाढतीच असेल तर डाळिंबासाठी शिफारस असलेले औषध लेबलावरच्या मात्रेत मारा, आणि तेही संध्याकाळी. सकाळी फुलांवर मधमाश्या काम करत असतात. डाळिंबाला स्वतःचे परागकण चालतात हे खरे, पण मधमाशी फिरली की सेटिंग, म्हणजे फळधारणा, चांगले होते. माशी मारून सेटिंगचे औषध विकत आणणे हा उलटा व्यवहार आहे.

मादी कळीचीच गळ थांबवायची असेल तर नॅप्थील ॲसेटिक ॲसिड 10 पीपीएम, म्हणजे 4.5 टक्क्यांचे द्रावण 100 लिटर पाण्यात 22.5 मिली, इतके पुरे. मात्रा वाढवू नका. हेच संजीवक जास्त प्रमाणात फळे विरळ करायलाही वापरतात. आणि कोणी काहीही सांगो, लाल दिसू लागलेल्या नर कळीची मादी कळी कोणत्याही टॉनिकने होत नाही. नर कळी हाताने तोडायला मजूर लावणेही वाया. परागकण तिच्याकडूनच मिळतात.

मादी कळी मुळातच कमी निघाली असेल तर त्याचे कारण आजच्या फवारणीत नसते, मागच्या हंगामात असते. गेल्या बहाराला झाडावर पेलवणार नाही इतकी फळे ठेवली, तोडणी लांबली, रोगाने पाने गळाली, ताण अपुरा बसला, छाटणीत फळकाड्याच उडाल्या किंवा पहिल्या पाण्याबरोबर युरियाचा हात सैल सुटला, यातले काहीतरी घडलेले असते. जादा नत्राने झाड हिरवेगार होते, वॉटरशूट (फळ न देणारे जोमदार सरळ फुटवे) जोरात येतात आणि कळी निघाली तरी नरच जास्त. आता नत्र आवरते घ्या, वॉटरशूट काढा आणि आहे त्या मादी कळीला जपा.

ती सापडते आखूड, पक्व काडीच्या टोकाला. घोसात आधी उमलणारे टोकाचे फूल बहुधा मादी असते, बाजूची मागाहून उमलणारी बहुतेक नर. पूर्ण बागेतही पहिल्या लाटेत मादी कळीचे प्रमाण जास्त असते आणि पुढे ते घसरत जाते. म्हणून पहिल्या लाटेवर सेटिंग मिळाले की उशिराच्या कळीचा मोह सोडा. भगवा वाणाला फुलापासून तोडणीपर्यंत 170 ते 180 दिवस लागतात. मार्चअखेर धरलेले फळ भर पावसाळ्यात सापडते आणि तेल्या रोगाच्या भागात ते निस्तरणे अवघड जाते.

सेटिंग पक्के झाले की चार-पाच वर्षांच्या सुदृढ झाडावर 60 ते 80 फळे ठेवून बाकीची काढा. घोसात एकच फळ असू द्या. एकमेकांना चिकटलेल्या फळांच्या बेचक्यात फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीला आसरा मिळतो.

पुढच्या बहाराची मादी कळी यंदाच्या तोडणीनंतर ठरेल. शेवटचे फळ उतरले की शेणखत आणि माती परीक्षणाप्रमाणे खत देऊन झाडाला दोन-तीन महिने विश्रांती द्या, पाने निरोगी ठेवा, आणि मगच ताणाचा विचार करा.