फोनमधला गोदाघाट कॉमन्सवर चढवण्याआधी

सिंहस्थ जवळ आला की नाशिकचा नदीकाठ बदलतो. २०२६-२७च्या सिंहस्थासाठीही घाट, पायऱ्या, रस्ते यांवर हात फिरणारच. त्याआधीचा काठ कसा दिसत होता, हे आज नाशिककरांच्या फोनमध्ये सुटंसुटं पडून आहे. ते सगळं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या, सगळ्यांना खुल्या फोटोसंग्रहावर, एकत्र आणायचं ठरवलेल्या मित्रमंडळांसाठी आणि कॉलेजच्या गटांसाठी ही तयारीची यादी. कॉमन्सच का, तर तिथे फोटो मूळ आकारातच राहतो, प्रत्येक फाइलला वर्णनाचं स्वतंत्र पान मिळतं आणि मराठी विकिपीडियाच्या लेखात ती थेट वापरता येते. अपलोडचं बटण दाबणं हे यातलं सगळ्यात लहान काम आहे. मोठं काम म्हणजे फोटो काढणाऱ्याला ठिकाण आठवतंय तोवर त्याच्याकडून ते लिहून घेणं. बाकीची सगळी तयारी त्याभोवती बेतायची.

पहिली गोष्ट संमतीची, आणि ती फोटो गोळा करण्याच्या आधी. कॉमन्सवर फोटो सहसा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली दिला जातो. म्हणजे नाव देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून कोणीही तो वापरू शकतो, कॅलेंडर छापून विकूही शकतो. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. हे प्रत्येकाला समोर बसवून, मराठीत, नीट सांगा. ज्याला पटत नाही त्याला आग्रह करू नका. परवाना फोटो काढणाऱ्यानेच द्यायचा असतो, म्हणून सगळ्यांचे फोटो एकाच्या खात्यावरून ‘माझं स्वतःचं काम’ म्हणून चढवणं चूक आहे. सरळ मार्ग असा, की प्रत्येकाने आपलं खातं उघडावं आणि आपले फोटो त्यावरूनच चढवावेत. आजोबांना ते जमणार नसेल, तर नातवाने शेजारी बसून त्यांच्या खात्यावर काम करावं. तेही शक्य नसेल, तर मूळ छायाचित्रकाराने विकिमीडियाच्या ठरलेल्या पत्त्यावर ईमेलने संमती पाठवायची असते. ते पत्र गेल्याशिवाय फाइलला हात लावू नये.

मग मूळ फाइली मिळवा. ‘ग्रुपवर टाका’ असं कोणालाही सांगू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि कधी, कुठे, कोणत्या फोनने काढला ही एक्झिफ नोंद निघून जाते. फाइलच्या नावातली तारीख पाठवल्याची असते, काढल्याची नाही. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं. त्याहून बरं, केबल लावून, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून, डीसीआयएम हा कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर जसाच्या तसा लॅपटॉपवर घ्यायचा. प्रत्येक माणसाचा फोल्डर वेगळा ठेवा आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. या दोन प्रती होईपर्यंत कोणीही फोन रिकामा करायचा नाही.

आयफोनचे फोटो बरेचदा एचईआयसी प्रकारात असतात आणि कॉमन्स ते घेत नाही, तेव्हा जेपीजी करून घ्या. पुढच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की प्रश्न मिटतो. फोनचा व्हिडिओ एमपी४ असतो, तोही कॉमन्सवर चालत नाही, वेबएम करावा लागतो. त्याआधी व्हिडिओ कान देऊन ऐका. मागे लाउडस्पीकरवर गाणं लागलं असेल, तर त्या गाण्याचा हक्क दुसऱ्याचा आहे, आवाज काढूनच चढवा.

आता निवड. इथे घाई करू नये, आणि इथे माझं मत ठाम आहे. रामकुंडावर राज्यभरातून लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया करतात. नुकतंच मुंडण केलेला मुलगा, ओल्या कपड्यातल्या बायका, पिंडासमोर बसलेलं कुटुंब, असे फोटो कितीही सुंदर आले असले तरी बाजूला काढा. जागा सार्वजनिक आहे, पण दुःख त्यांचं आहे, आणि जगभर कोणीही वापरावं असा परवाना त्यावर आपण द्यायचा नाही. स्नान करणाऱ्यांचे आणि लहान मुलांचे ओळखू येणारे चेहरेही नकोत. घाट दाखवायचाच आहे ना, मग पलीकडच्या काठावरून घेतलेला, माणसं ठिपक्याएवढी असलेला फोटो निवडा. वाड्यांचंही तेच. तिवंध्याकडच्या किंवा सराफ बाजारामागच्या जुन्या वाड्यात आजही लोक राहतात. दिंडी दरवाजा रस्त्यावरून टिपला तर ठीक, पण आतल्या चौकाचा फोटो राहणाऱ्यांना विचारूनच. फोटोबरोबर जीपीएसचे आकडेही जाहीर होतात, म्हणून कोणाच्या घरातून, गच्चीवरून घेतलेल्या फोटोतले ते आधी पुसा.

एकाच क्षणाचे सात-आठ फोटो असतील तर उत्तम एक-दोन ठेवा. तंतोतंत तीच फाइल पुन्हा आली तर कॉमन्स ओळखतं, पण त्याच फोटोची व्हॉट्सअॅपवरून आलेली आकसलेली प्रत त्याला वेगळी फाइल वाटते. ते डोळ्यांनीच गाळावं लागतं.

कशाचा फोटो आहे हेही पाहायचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांचे फोटो घेऊन प्रसिद्ध करता येतात. भिंतीवरची नवी चित्रं, फ्लेक्स, माहितीफलकावरचा मजकूर, गणपतीचा चार दिवसांचा देखावा यांना ती सवलत गृहीत धरू नका. फोटोचा विषयच तो असेल तर वगळा.

यानंतर नावं आणि वर्णनं, म्हणजे खरा दिवसभराचा कार्यक्रम. फोटो काढणाऱ्यांना एकत्र बसवा, लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडा आणि फोटो माणसाप्रमाणे नाही तर ठिकाणाप्रमाणे लावा: आधी रामकुंड, मग नारोशंकर, मग होळकर पूल, मग भांडी बाजार. एका ठिकाणचे सगळे समोर आले की आठवणी एकमेकांना दुरुस्त करतात. ‘हे दहीपुलाजवळचं नाही, मागच्या बोळातलं आहे’ असं कोणीतरी म्हणतं आणि दहा वर्णनं सुधारतात. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत जीपीएस शेजारच्या आळीत उडी मारतं, त्यामुळे नकाशावरची खूणही इथेच तपासा. पुराच्या फोटोंना तर तारखेशिवाय किंमतच नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून आपण पूर मोजतो, पण २०१६चा पूर आणि २०१९चा पूर नुसत्या चित्रावरून कोणाला सांगता येईल? तारीख, आणि आठवत असेल तर वेळही लिहा. नक्की आठवत नसेल तर ‘ऑगस्ट २०१९’ एवढंच लिहा, अंदाजाने दिवस घालू नका.

नाव असं हवं की फोटो न बघता कळावं: ‘नारोशंकर मंदिराची घंटा, रामसेतूवरून, पंचवटी, नाशिक’. कॅमेऱ्याने दिलेलं आयएमजी आणि पुढे आकडे, हे नाव नव्हेच. नाव मराठीत खुशाल द्या, फक्त मर्यादा लक्षात ठेवा. कॉमन्सवर फाइलचं नाव २४० बाइटांत बसावं लागतं आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त ३ बाइट घेतं. सगळी चिन्हं धरून ८०च्या आत राहिलात तर अडणार नाही. तिरकी रेघ, अपूर्णविराम, चौकोनी कंस नावात नकोत. वर्णन मराठीत दोन-तीन वाक्यं आणि इंग्रजीत एक तरी. होळकर पुलाच्या वर्णनात व्हिक्टोरिया पूल हे जुनं नावही लिहा, कारण शोधणारा जुन्या नावानेही शोधेल. काळाराम मंदिराच्या फोटोला ‘देऊळ’ एवढं पुरत नाही. १९३०च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचा अभ्यास करणाऱ्याला कोणता दरवाजा, कोणत्या दिशेने, हे हवं असतं.

हे सगळं एका तक्त्यात भरा: मूळ फाइल, नवं नाव, मराठी वर्णन, इंग्रजी वर्णन, तारीख, ठिकाण, छायाचित्रकार, परवाना, वर्ग (म्हणजे कॅटेगरी). तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, नाहीतर एक्सेल ८ तारखेचा ऑगस्ट करून ठेवतं. तक्ता सीएसव्हीत जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन उमटतात. ‘रामकुंड’ एकदा जोडून, एकदा तोडून असं होऊ देऊ नका. एका माणसाने शेवटी पूर्ण तक्ता वाचून काढावा. वर्गांची नावं कॉमन्सवर इंग्रजीत असतात, ती तिथे शोधून, असलेलीच वापरा.

साधन कोणतं घ्यायचं यावर फार वाद नको. नेहमीच्या अपलोड विझार्डमध्ये साधारण खात्याला एका वेळी ५० फाइली निवडता येतात, बहुतेकांना तेवढं पुरेल. फाइली शेकड्यांनी असतील आणि गटात तक्त्याला सरावलेलं कोणी असेल तरच पॅटिपॅन किंवा ओपनरिफाइन ही तक्त्यावरून गठ्ठ्याने फाइली चढवणारी साधनं घ्या.

इंटरनेटचा हिशेब आधी करा. ४ एमबीचा एक असे १,००० फोटो म्हणजे ४ जीबी. १० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने ते चढायला कागदावर तासाभराच्या आत होतं, प्रत्यक्षात जास्त लागतं. जाहिरातीत दिसणारा वेग सहसा डाउनलोडचा असतो, म्हणून अपलोडचा वेगळा मोजा. लॅपटॉपची झोप बंद करा, चार्जर लावा, वीज गेली तर राउटर किती वेळ चालतो ते पाहा.

पहिल्या दिवशी फक्त पाच फाइली चढवा. त्यांची पानं उघडून नाव, तारीख, परवाना, नकाशावरची जागा बघा. चूक असेल तर ती तक्त्यात दुरुस्त करा, मगच पुढच्या ५०. प्रत्येक गठ्ठा झाला की तक्त्यात ‘चढली’ अशी खूण आणि पानाचा दुवा टाका, म्हणजे मध्येच थांबावं लागलं तर पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळेल.

शेवटी, खात्याच्या चर्चापानावर लक्ष ठेवायला एक नाव ठरवा आणि सगळ्यांच्या खात्यांना ईमेल सूचना चालू करा. एखाद्या फाइलवर कोणी शंका घेतली, तर वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते. तेवढ्या वेळात फोटो कोणी, कधी, कुठून काढला याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते तक्त्यात लिहिलेलं असतं.