दिग्दर्शकानं काय टाळलं? कलात्मक माहितीपट पाहायला लागताना

टीव्हीवरच्या माहितीपटांची सवय असलेला माणूस पहिल्या कलात्मक माहितीपटात अडखळतो. निवेदक नाही, खाली नावांच्या पट्ट्या नाहीत, तज्ज्ञ येऊन काही समजावत नाहीत, आणि पडद्यावर कुणीतरी बराच वेळ नुसतं चालतंय. अशा वेळी सिनेमाचा अभ्यास करताना मला सगळ्यात उपयोगी पडला तो एकच प्रश्न. दिग्दर्शकाला जे अगदी सहज करता आलं असतं, ते त्यानं का केलं नाही?

दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा. अलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) नाझी छळछावण्यांवरचा, ३२ मिनिटांचा. त्यात जुनी कृष्णधवल दृश्यं आहेत आणि त्यांच्यामध्ये ओसाड पडलेल्या छावण्यांचं रंगीत चित्रण. निवेदन लिहिलं ते जाँ कायरोल यांनी. ते स्वतः माउटहाउसेनच्या छावणीतून वाचलेले कवी. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर क्लोद लान्झमान यांनी १९८५ साली 'शोआ' आणला. तो नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात जुन्या चित्रणाची एकही फ्रेम नाही. वाचलेली माणसं, साक्षीदार, गुन्हेगार बोलतात, आणि आजची शेतं, रूळ, झाडं दिसतात. आधी रेने पाहिला असेल, तर लान्झमाननी केवढ्या गोष्टीला नकार दिला ते कळतं. त्या नकाराशिवाय 'शोआ' म्हणजे नुसत्या लांबलचक मुलाखती वाटण्याची शक्यता आहे.

फ्रेडरिक वाइझमन यांचा नकार आणखी कडक. मुलाखत नाही, निवेदन नाही, वरून चढवलेलं संगीत नाही. म्हणून काही जण म्हणतात की इथे दिग्दर्शक गायबच आहे. मला हे पटत नाही. वाइझमन चित्रीकरणात स्वतः माइक धरून आवाज घेत, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असे, आणि त्यानंतर कित्येक महिने संकलन चाले. कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग येतो, त्यातच त्यांचं मत असतं. तेव्हा दोन प्रसंगांमधला सांधा बघायला शिका. माझ्या मते कॅमेऱ्याच्या कोनांपेक्षा नवख्यानं वेळ द्यावा तो इथे.

जुन्या, गाजलेल्या चित्रपटांनाही हा प्रश्न जरूर विचारा. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) मधल्या नायकाचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक. बर्फाच्या घरात उजेड पुरत नव्हता, म्हणून चित्रीकरणासाठी अर्धवट उघडं घर बांधलं. त्या काळचे इन्युइट (कॅनडाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी) शिकारी बंदुका वापरत होते, तरी पडद्यावर शिकार जुन्या पद्धतीनंच होते. म्हणजे फ्लाहर्टींनी त्या माणसांचा वर्तमानकाळच टाळला. एवढ्यावरून चित्रपट मोडीत काढायची गरज नाही. पण 'खरं की खोटं' एवढंच विचारून थांबलात, तर हाती फारसं काही लागत नाही.

अब्बास कियारोस्तामी यांच्या 'क्लोज-अप' (१९९०) मध्ये तर हा प्रश्नच उलटा होतो. हुसेन सब्झियान नावाचा माणूस आपण दिग्दर्शक मोहसिन मखमलबाफ आहोत असं भासवून एका कुटुंबात शिरला आणि पकडला गेला. ही खरी घटना. चित्रपटात स्वतः सब्झियान, ते कुटुंब आणि मखमलबाफ आपापल्या भूमिका करतात. शेवटी खरा मखमलबाफ त्याला भेटतो, तेव्हा आवाज तुटत राहतो आणि चित्रपट करणारे आपसांत माइकच्या बिघाडाबद्दल बोलताना ऐकू येतात. तो बिघाड खरा नव्हता, आवाज मुद्दाम तोडला होता. जे ऐकायला आपण कान टवकारलेले असतात, तेच नेमकं दिलं जात नाही. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी वाटतं की तिथे संवाद नीट ऐकू आले असते तर सगळं स्वस्त झालं असतं.

सुरुवात कुठून करावी? छोट्यांपासून. योरिस इव्हेन्स यांचा 'रेन' (१९२९) साधारण बारा मिनिटांचा. ॲमस्टरडॅममधला पाऊस कित्येक महिने टिपून त्याची एकच सर केलेली आहे. मग फरोग फरोखजाद यांचा 'द हाउस इज ब्लॅक' (१९६३), इराणमधल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा, विसेक मिनिटांचा. एक पुरुषी आवाज रोगाची रुक्ष माहिती देतो, तर फरोखजाद यांच्या स्वतःच्या आवाजात धर्मग्रंथांतली वचनं आणि कविता येतात. त्यांनी इथे टाळली ती कीव. त्यानंतर आन्येस वार्दा यांचा 'द ग्लीनर्स अँड आय' (२०००). हातातला छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन वार्दा टाकून दिलेलं वेचणाऱ्यांना भेटतात, आणि मध्येच स्वतःच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या हाताचंही चित्रण करतात. हा खूप मोकळा, हसरा चित्रपट आहे. जड विषयांनी दमलात की इथे या.

पाहताना वही जवळ असली तरी पहिल्या वेळी लिहू नका. दुसऱ्या वेळी दहा मिनिटांचा एक तुकडा निवडा, चित्र झाका आणि फक्त ऐका. 'लेव्हायथन' (२०१२) साठी तर हे करायलाच हवं. तो मासेमारीच्या बोटीवर छोटे कॅमेरे लावून केलेला आहे आणि त्यातलं बरंचसं पाणी, साखळ्या आणि यंत्रं कानांनीच कळतात. मोबाइलच्या स्पीकरवर तो पाहणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या हत्याकांडावरच्या 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये अनेक नावांच्या जागी 'अनामिक' असंच येतं. एका सहदिग्दर्शकाचं नावही नाही. चित्रपट करणाऱ्या स्थानिक लोकांना अजून कोणाची भीती होती, हे त्या ओळींतून समजतं.

नऊ तासांच्या चित्रपटांची धास्ती घेऊ नका, पण तिथून सुरुवातही करू नका. वांग बिंग यांचा 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स' चीनमधल्या शेन्यांग शहरातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांवरचा आहे. त्याचे तीन भाग आहेत: कारखाने, कामगारांची वस्ती आणि मालगाड्यांचा रूळ. एका बैठकीत सगळा पाहायचा हट्ट नको. एका वेळी एक भाग घ्या. सर्वांत लहान भाग रुळांचा, रेल्वेच्या आसऱ्यानं जगणाऱ्या बापलेकांचा. क्रम मोडला तरी चालेल, तो आधी पाहा.