समस्थानिकांची गणितं कुठे फसतात? या चुका टाळा

आवर्तसारणीत ब्रोमीनसमोर ७९.९०४ असं छापलेलं असतं. त्याचे ८० धरायचे, ३५ प्रोटॉन वजा करायचे, की ४५ न्यूट्रॉन. उत्तर सुबक, पण चूक. निसर्गातल्या ब्रोमीनमध्ये ४५ न्यूट्रॉनवाला अणू सापडतच नाही. तिथे असतात त्याचे दोन समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू): ब्रोमीन-७९ (सुमारे ५०.७ टक्के) आणि ब्रोमीन-८१ (४९.३ टक्के), दोन्ही स्थिर. ७९.९०४ ही त्यांची भारित सरासरी. ब्रोमीन-८० बनवता येतो, पण तो किरणोत्सारी आणि त्याचं अर्धायुष्य (निम्म्या अणूंचा क्षय व्हायला लागणारा वेळ) जेमतेम १८ मिनिटं. न्यूट्रॉन मोजताना अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) समस्थानिकाच्या नावातूनच घ्या.

जड तो किरणोत्सारी, हलका तो स्थिर, हाही आडाखा सोडा. शिसं-२०८ स्थिर आहे, पोटॅशियम-४० नाही.

अर्धायुष्याच्या उदाहरणात घात होतो तो मधल्या काळात. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस. ८ दिवसांनी ५० टक्के उरतं, १६ दिवसांनी २५ (शून्य नव्हे!). मग १२ दिवसांनी मधोमध, ३७.५? नाही, क्षय सरळ रेषेत होत नाही. १२ भागिले ८ म्हणजे १.५, ०.५ चा १.५ वा घात ०.३५४, म्हणजे ३५.४ टक्के. कॅल्क्युलेटरवर पाया आणि घातांक उलटे दाबले तर १.२२ येतं, म्हणजे माल मुळापेक्षा वाढला! आणि हे ३५.४ टक्के आयोडीन-१३१च्या अणूंचे. बंद कुपीचं वजन जवळपास तेवढंच राहतं, कारण बाकीच्याचं झेनॉन-१३१ होऊन आतच असतं.

प्रयोगात नेहमीची तक्रार: अर्धायुष्य उलटलं, तरी किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरचं रीडिंग निम्मं झालं नाही. बहुतेकदा पार्श्वभूमीचा किरणोत्सार वजा करायचा राहिलेला असतो. समजा, नमुना समोर असताना मिनिटाला २४० नोंदी, नमुना दूर नेल्यावर ४०. म्हणजे नमुन्याच्या २००. अर्धायुष्यानंतर त्या १०० होतात, पण काउंटर दाखवतो १४०. आधी ४० वजा करा, मग तुलना. पार्श्वभूमी दहा मिनिटं तरी मोजून सरासरी काढा; एखाद्या मिनिटाला ३४ किंवा ४६ आल्या म्हणून यंत्र उघडू नका, क्षय यादृच्छिकच असतो.

टेक्नेशियम-९९एम लिहिताना शेवटचा ‘एम’ (मेटास्टेबल, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेतलं अणुकेंद्रक) गाळू नका. त्याचं अर्धायुष्य ६ तास. नुसत्या टेक्नेशियम-९९चं २ लाख वर्षांहून अधिक.