ओपनएमपीत बेरीज दर वेळी वेगळी येते? रिडक्शन लावा

ओपनएमपी म्हणजे सी प्रोग्रॅमचं काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटून देणारी सोय. सी मधल्या फॉर लूपच्या वर 'प्रॅग्मा ओएमपी पॅरलल फॉर' लिहिलं आणि बेरीज दर रनला बदलायला लागली, तर सगळे थ्रेड एकाच व्हेरिएबलमध्ये लिहितायत. वाचणं, मिळवणं, परत लिहिणं यांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसला की एकाची भर पुसली जाते. इंदूरच्या छप्पन दुकानात पोह्यांच्या गाडीवर चार पोरं एकाच आकड्यावर खोडाखोड करू लागली, तर रात्री गल्ला जुळेल का? प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यायची, शेवटी चिठ्ठ्यांची बेरीज. रिडक्शन नेमकं हेच करतं. प्रॅग्माच्या त्याच ओळीत पुढे 'रिडक्शन' लिहा. कंसात अधिक चिन्ह, कोलन आणि व्हेरिएबलचं नाव.

'ॲटॉमिक'नेही (एका वेळी एकाच थ्रेडला व्हेरिएबल बदलू देणारा प्रॅग्मा) उत्तर बरोबर येतं, पण प्रत्येक फेरीला रांग लागते. बऱ्याचदा एकट्या थ्रेडपेक्षाही हळू! थ्रेडगणिक ॲरे स्वतः बनवलात, तर 64 बाइटच्या एका कॅशे लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एकदम उचलतो तो तुकडा) 8 डबल शेजारी बसतात आणि प्रोसेसरचे कोर ती लाइन एकमेकांकडून ओढत राहतात, म्हणून वेग पडतो.

जीसीसी या कंपायलरला 'एफओपनएमपी' फ्लॅग द्यायला विसरू नका. नाहीतर प्रॅग्मा गुपचूप दुर्लक्षित होतो, उत्तर बरोबर, वेग मात्र जुनाच. 'वॉल' फ्लॅग जोडला की निदान इशारा तरी मिळतो.

फ्लोटच्या बेरजेत शेवटचे एक-दोन अंक तरीही हलतील. क्रम बदलला की राउंडिंग बदलतं. तो बग नव्हे. तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने न करता ठरावीक फरकाच्या मर्यादेत करा.