टॅबलेटवर गाणं ऐकताय? डाउनलोड करताना आणि ऐकताना या चुका टाळा

गेले काही महिने माझं बहुतेक गाणं टॅबलेटवर ऐकून होतंय. अकरा इंची पडदा, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि नुकतेच विकत घेऊन उतरवलेले काही अल्बम: नव्या पिढीतल्या एका गायिकेचे ख्याल, एक सरोदवादन, दोन अभंगसंग्रह. घरात निवांत बसून ऐकायचं असेल तर फोनपेक्षा टॅब कितीतरी बरा, असं माझं मत झालंय. अल्बमसोबत आलेली पीडीएफ पुस्तिका अर्ध्या पडद्यावर उघडायची आणि बंदिशीचे शब्द वाचत गाणं ऐकायचं. कॅसेटच्या आत घडी घालून ठेवलेला कागद गेल्यापासून हे सुख हरवलंच होतं.

तरीही ओळखीतली बरीच मंडळी टॅबवर वैतागलेली दिसतात. ‘डाउनलोड बिघडलं’, ‘टॅबचा आवाजच वाईट’, ‘गाणी गायब झाली’. बहुतेक वेळा टॅब ठीक असतो आणि फाइलही ठीक असते. अडचण असते ती ॲपच्या गृहीतकात. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर मुद्रित झालं, तेव्हा साधारण तीन मिनिटांत राग आवरावा लागे. तबकडीचं ते बंधन केव्हाच गेलं, पण आजची ॲप अजूनही तीन-चार मिनिटांचं सुटं गाणं डोळ्यांपुढे ठेवूनच बनतात. पाऊण तासाचा राग किंवा सलग चाललेलं भजन त्यांच्या हिशेबात नसतं. म्हणून जी सेटिंग आपोआप चालू असतात, नेमकी तीच आपल्याला नडतात.

दोन ट्रॅकच्या मधली फट तशीच सोडणं

सगळ्यात जास्त रसभंग इथे होतो. अल्बममध्ये संथ लयीतला बडा ख्याल पहिला ट्रॅक आणि जलद लयीतला छोटा ख्याल दुसरा, असं तोडलेलं असतं. मैफलीत मात्र ते एकसंध असतं. विलंबित एकताल संपत आलेला असतो, गायिका शेवटचा मुखडा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते, तंबोरे चालूच असतात, तबलजी क्षणभर हात हलका करतो आणि त्याच श्वासात द्रुत तीनताल उचलला जातो. टॅबवर नेमक्या त्या जागी तंबोऱ्यासकट सगळं अर्धा सेकंद मुकं होतं आणि पुन्हा सुरू होतं. तंबोरा असा तुटला की तोवर कानात भरलेला षड्जच (सा) हलतो.

याची कारणं दोन. एक म्हणजे एमपी३ बनताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. ती ओळखून गाळणारं ॲप नसेल तर फट ऐकू येते. दुसरं कारण, ॲप पुढची फाइल आयत्या वेळी उघडतं. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ (फट न ठेवता वाजवणं) शोधा आणि चालू करा. ते नसेल तर ॲप बदला. फूबार२००० आणि पॉवरॲम्प ही दोन्ही हे काम नीट करतात. फ्लॅक फाइलमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता लहान केलेल्या फाइलमध्ये, ती रिकामी भर नसतेच, त्यामुळे निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

याच्या शेजारीच ‘क्रॉसफेड’ नावाचं सेटिंग असतं, ते शून्यावर ठेवा. स्पॉटिफायमध्ये ते १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतं. एक गाणं विरत जाताना दुसरं त्यावर चढवायचं, हे लग्नाच्या हॉलमध्ये ठीक. यमनच्या शेवटावर मालकंसाची सुरुवात चढली तर काय होईल ते सांगायला नको.

आवाज ‘सुधारणाऱ्या’ सोयींवर विश्वास टाकणं

नवा टॅब हातात आला की डॉल्बी किंवा त्यासारखं काहीतरी आधीच चालू असतं. सिनेमा पाहताना ते उपयोगी पडतं, कारण त्याच्या काही मोडमध्ये हळू आवाज वर ओढला जातो आणि मोठा आवाज दाबला जातो. पण आलापीत हळू आणि मोठा यांतला फरक हाच तर ऐवज. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विरत जाते ती विरत जाऊ दिली पाहिजे. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली मोनो ध्वनिमुद्रणं अशा मोडवर लावली की आवाज पडद्याभर पसरतो, खरखर पुढे येते आणि गाणारा माणूस मागे जातो. हा मोड बंद करून तीच फाइल पुन्हा ऐका, फरक लगेच कळेल.

ॲपमधलं ‘नॉर्मलायझेशन’ हे वेगळं प्रकरण. ते ट्रॅकच्या आतला चढउतार सहसा बदलत नाही, मात्र वेगवेगळ्या ट्रॅकची पातळी एकसारखी करतं. सरोदचा संथ आलाप, मग जोड आणि शेवटचा जलद झाला हे तीन ट्रॅक प्लेलिस्टमध्ये टाकले, तर आलापही झाल्याएवढाच मोठा होऊन बसतो. सलग अल्बम ऐकणाऱ्यांनी हे बंद ठेवलेलं बरं.

‘डाउनलोड झालं’ म्हणजे गाणं आपलं झालं असं समजणं

हिरवी खूण दिसली की माणूस निश्चिंत होतो. पण वर्गणीच्या ॲपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूपबंद प्रत असते. ती त्या ॲपबाहेर वाजत नाही, दुसऱ्या टॅबवर नेता येत नाही आणि वर्गणी संपली की तीही संपते. स्पॉटिफायवर वर्गणी चालू असली तरी ३० दिवसांत एकदा इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेलं ऑफलाइन वाजणं बंद होतं. गावी आईवडिलांसाठी गाणी भरून टॅब ठेवून येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिथे वायफाय नसेल तर महिन्याभरात आईचा फोन येणारच, ‘अरे, अभंग लागत नाहीत.’ त्यांच्यासाठी साध्या फाइलच भरून द्या.

विकत घेतलेली फाइल मात्र आपली असते. ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने २००९ मध्येच गाण्यांवरचं डिजिटल कुलूप काढलं. बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या साइटवर एकदा अल्बम घेतला की एमपी३, फ्लॅक, वेव्ह असा हवा तो प्रकार निवडून उतरवता येतो. पैशांचा बराचसा भाग कलाकाराच्या हाती जातो, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. नवीन गाणाऱ्या मुलांचं गाणं टिकायचं असेल तर त्यांचे अल्बम विकत घेतले जायला हवेत.

फुकट एमपी३ देणाऱ्या साइटवरच्या मोठ्या ‘डाउनलोड’ बटणाला हात लावू नका. बरेचदा ती जाहिरात असते, आणि गाण्याऐवजी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल उतरू लागते. गाणं कधीही .एपीके नसतं. तशी फाइल दिसली की न उघडता काढून टाका.

फाइल जेवढी मोठी तेवढं गाणं चांगलं, हा समज

थोडा हिशेब करू. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ तासाला साधारण १४४ एमबी जागा घेतं. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक तासाला ३०० ते ४०० एमबी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं ध्वनिमुद्रण कॉम्प्रेस करण्याआधी तासाला २ जीबीपर्यंत जातं आणि फ्लॅक केल्यावरही एक जीबीच्या आसपास राहतं. ६४ जीबीचा टॅब असेल, तर त्यातला मोठा वाटा यंत्रणेनेच व्यापलेला असतो.

माझं मत सरळ आहे. विकत घेताना फ्लॅक घ्या, पण सीडीच्या दर्जाचं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही, तेवढं सीडीच्या दर्जात मावतं, आणि ब्लूटूथवरून ऐकायचं तर तिथे आवाज तसाही पुन्हा कॉम्प्रेस होतो. आणि जुन्या १२८ केबीपीएस एमपी३चं फ्लॅक करत बसू नका. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

आयपॅडवाल्यांसाठी एक सूचना: तिथलं म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही. एकतर ॲपल लॉसलेस प्रकारात उतरवा किंवा व्हीएलसीसारखं ॲप वापरा.

रियाजाच्या वेळी ब्लूटूथ

गाणं शिकणाऱ्यांकडून ही तक्रार फार येते. टॅबवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं, कानात ब्लूटूथ इअरफोन घालायचे आणि रेकॉर्डर सुरू करायचा. रेकॉर्डर सुरू होताच तंबोरा टेलिफोनमधून आल्यासारखा पातळ आणि सपाट वाजतो. इअरफोनचा माइक वापरात आला की ब्लूटूथ संगीताची जोडणी सोडून फोनकॉलच्या जोडणीवर जातं, आणि त्या जोडणीत आवाजाचा दर्जा उतरतो. ऑनलाइन शिकवणीतही हेच घडतं. वायरचे इअरफोन लावा, किंवा रेकॉर्डिंगला टॅबचा स्वतःचा माइक निवडा. शिवाय ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे तबल्याच्या ॲपबरोबर गाताना सम हुकल्यासारखी वाटते. रियाजाला वायरच हवी.

वायर म्हटलं की जॅकचा प्रश्न येतो, कारण आता पुष्कळ टॅबना गोल जॅक नसतो. यूएसबी-सीचा सगळ्यात स्वस्त अडॅप्टर आणला आणि आवाजच आला नाही, असं झालं तर टॅब दुरुस्तीला नेऊ नका. काही अडॅप्टर फक्त वायर जोडतात, काहींच्या आत डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते. पहिला प्रकार ठरावीक यंत्रांवरच चालतो. खरेदी करताना ‘डॅक’, म्हणजे ही चिप असलेला मागा.

गाणं मध्येच थांबतं, तेव्हा

पडदा बंद झाल्यावर काही वेळाने गाणं थांबत असेल तर ती बॅटरी वाचवणारी यंत्रणा. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. दर मेसेजला आवाज दबत असेल तर ऐकताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

नावांचा घोळ तसाच ठेवणं

एकच अल्बम टॅबवर पाच तुकड्यांत दिसतो, कारण कलाकाराच्या रकान्यात एका ट्रॅकला फक्त गायिका, दुसऱ्याला गायिका आणि तबलावादक, तिसऱ्याला संवादिनीवादकही लिहिलेला असतो. ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळीकडे गायिकेचं एकच नाव घाला, तुकडे जुळतात. साथीदारांची नावं काढू नका, ती कलाकाराच्या रकान्यात राहू द्या. त्यांच्याशिवाय ती मैफल झालेली नाही. रागाचं नाव ट्रॅकच्या नावात सुरुवातीलाच लिहिलं तर पुढे शोधणं सोपं जातं.

ट्रॅक १ नंतर थेट १० आणि मग २ वाजत असेल, तर क्रमांक ०१, ०२ असे करा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं दिसत असतील, तर ती नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीने लिहिलेली आहेत. संगणकावर एमपी३टॅग किंवा पिकार्ड यांपैकी एक प्रोग्राम घ्या आणि नावं युनिकोडमध्ये पुन्हा लिहा. व्हॉट्सॲपवर कुणाला फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर मूळ नाव जाऊन आकड्यांचं काहीतरी नाव पोचतं.

मेमरी कार्डवर सगळा भार

कार्ड टॅबमध्ये घालताना काही टॅब विचारतात, ‘इंटर्नल’ म्हणून वापरू का? गाण्यांसाठी नाही म्हणा. तसं केलं की कार्ड त्या एका टॅबशी बांधलं जातं आणि टॅब बिघडला तर त्यावरचं दुसरीकडे वाचता येत नाही. नेहमीच्या किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळणारी मोठी कार्डं बनावट असू शकतात: २५६ जीबी दाखवतात, खरी जागा त्याहून फार कमी असते आणि पुढच्या फाइल गुपचूप खराब होतात. नवं कार्ड संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने तपासून घ्या, मगच गाणी भरा.

काही ॲप उतरवलेल्या फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात आणि ॲप काढलं की फोल्डरही जातो. म्हणून विकत घेतलेली प्रत्येक फाइल ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये हलवा आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. टॅब रिसेट करायची वेळ आली, तर आधी त्या प्रतीतली दोन-चार गाणी संगणकावर शेवटपर्यंत वाजवून पाहा.